चोथ्याचं काय करायचं?

क्लॅरी ट्रेझाइज माझा शेजारी. आमच्या दोघांच्या परसांच्या मधे पत्र्याचं कुंपण आहे, त्याला एक फट आहे, आणि त्या फटीतून गेली कित्येक वर्षं लिंबं, अंडी, शिव्या आणि बिअरच्या बाटल्या इकडून तिकडे जात आल्यात. माझं नाव शरयू. क्लॅरीनं पहिल्याच दिवशी त्याचं शॅरी करून टाकलं आणि वर मलाच म्हणाला, "इतकं सोपं होतं, तर तुझ्या आईबापांनी उगाच कशाला त्रास घेतला?"

असा हा माणूस. तोंड फटकळ, कान मोठे, आणि स्वतःच्या मताबद्दल इतकी खात्री की डॉक्टरनं रक्तदाब सांगितला तरी म्हणणार, "तुमचं यंत्र तपासून घ्या."

नोकरीचा सगळा जन्म त्यानं जेटीवरच्या सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच कोठारात काढला. आमच्या पोर्ट हॅलिस गावाला एका अंगाला समुद्र आणि उरलेल्या तिन्ही अंगांना जवाची शेतं. हा जव बिअरसाठीच पिकतो, बोटीत बसतो आणि जगभर जातो. आयुष्यभर क्लॅरीनं तो बोटींत चढवला आणि घरी येऊन बिअर केली ती मात्र डब्यातली. डबा फोडायचा, काळा चिकट पाक पिंपात ओतायचा, किलोभर साखर आणि गरम पाणी घालून ढवळायचं, झाकणाखाली चिकटवलेली यीस्टची पुडी वरून भुरभुरायची आणि पिंप शेडच्या कोपऱ्यात आंबायला सोडून द्यायचं. अर्ध्या तासात काम फत्ते. इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांची बिअर अशीच होते, आणि ती चांगली असते असं फक्त करणाराच म्हणतो.

क्लॅरीच्या जोडीला लेस्टर हॉकिंग. शाळेपासूनचा दोस्त, पेशानं प्लंबर, आता निवृत्त. बायको गेल्यापासून एकटाच असतो. दोघंही डबेवाले. दर शुक्रवारी दुपारी लेस्टर क्लॅरीच्या शेडमध्ये यायचा, दोघं आपापल्या बाटल्या फोडायचे आणि दुसऱ्याची कशी भिकार झालीय हे सांगत संध्याकाळ करायचे. कुंपणापलीकडून सगळं ऐकू येतं. मी काही कान लावून बसत नाही; पण कान बंद करायला झाकणं थोडीच असतात?

मग गावात नवी हवा आली. लोक डबा सोडून धान्याकडे वळायला लागले. मोड आणून वाळवलेला जव दळून आणायचा, गरम पाण्यात तासभर मुरवायचा, त्याचा गोड काढा निघतो तो उकळायचा, त्याचीच बिअर. अवघड काही नाही, वेळ मात्र जातो. पण ही मंडळी त्याबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत, हे खरं. लेस्टरला त्यांचा मनस्वी तिटकारा. "धान्यवाले!" असं म्हणून तो थुंकायचंच फक्त बाकी ठेवायचा. नॉर्म रोडा नावाचा त्यांचा तिसरा दोस्त धान्याकडे गेला, तर लेस्टरनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या मैदानावर नॉर्म समोर आला की हा आकाशात ढग शोधायचा. क्लॅरीही त्याला साथ द्यायचा. "डबा सोडला त्यानं घर सोडलं," असं काहीतरी दोघं ग्लास आपटून म्हणायचे.

आणि ईस्टरला क्लॅरी लेकीकडे ॲडलेडला गेला. टेगननं, म्हणजे त्याच्या लेकीनं, स्वतः केलेली धान्याची बिअर बापापुढे ठेवली. बापानं एक घोट घेतला, म्हणाला, "बरी आहे." मग तीन ग्लास प्यायला. परत येताना गाडी चालवणाऱ्या ऊनाशी, म्हणजे बायकोशी, वाटभर एक अक्षर बोलला नाही.

"मला वाटलं आजारी पडतोय," ऊना मला सांगत होती. "घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणतो कसा, ऊना, मी तीस वर्षं साखरेचं पाणी प्यालो गं."

त्यानंतर चार-सहा आठवड्यांनी माझ्या कोंबड्यांचं काहीतरी बिनसलं. दाण्याला तोंड लावेनात. सकाळी दार उघडलं की सगळ्या जणी कुंपणाच्या फटीकडे धावायच्या आणि लग्नाच्या पंगतीत बसल्यासारख्या माना वर करून वाट बघायच्या. एका बुधवारी मी मुद्दाम शाळेतल्या नोकरीला दांडी मारली आणि टाकीमागे उभी राहिले. फटीतून एक बादली आली. बादलीमागून क्लॅरी.

"काय रे हे?"

दचकून त्यानं बादली स्वतःच्या पायावर घेतली. ओला, कोमट, गोड वासाचा भरडा जमिनीवर पसरला आणि माझ्या कोंबड्या त्यावर तुटून पडल्या.

"दलिया," तो म्हणाला.

"एवढा? फौज जेवायला आली होती का?"

"ऊनाला पोट साफ होत नाही."

"क्लॅरी, हा जवाचा चोथा आहे. धान्यवाल्यांच्या घरचा."

त्याचा चेहरा पडला. त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मला शेडमध्ये ओढत नेलं. आत चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं आणि वर तुळईला एक गाठोडं टांगलेलं, त्यातून काढा टपटप पडत होता, आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का टांगतात ना, अगदी तसा. गाठोड्याच्या कापडावर निळी फुलं होती.

"हा ऊनाचा न्हाणीघरातला पडदा ना?"

"तिला सांगितलंय वाऱ्यानं उडाला."

"आणि तिचा विश्वास बसला?"

"ती म्हणाली, वाऱ्याला चांगलीच तहान लागलेली दिसते."

म्हणजे ऊनाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते लेस्टरला. त्याच्यासाठीच तर बुधवार निवडला होता, कारण बुधवारी लेस्टर दिवसभर बोल्सच्या मैदानावर. डबेवाल्याला कधी पडत नाही असा प्रश्न क्लॅरीला पडला होता. पाक विरघळतो, मागे काही ठेवत नाही. धान्य मात्र ढीगभर चोथा ठेवतं, आणि तो कचऱ्यात टाकला तर उन्हात असा आंबतो की गल्ली नाक धरून विचारते, कुणाच्या घरचा? म्हणून माझ्या कोंबड्या.

"अरे पण सांगून टाक ना लेस्टरला. तो काय तुला खाणार आहे?"

क्लॅरी स्टुलावर बसला. एवढा मोठा गडी, पण आवाज अगदी बारीक झाला. "शॅरी, नॉर्मला त्यानं चाळीस वर्षांची दोस्ती असून टाकलं. मला टाकलं तर? त्याला शुक्रवारशिवाय काय आहे? आणि तो आला नाही तर मी भांडू कुणाशी? ऊनाशी भांडून काही उपयोग नाही, ती जिंकते."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी गप्प राहायचं कबूल केलं. बदल्यात मला लाच मिळाली: डब्यातला पाक. कारण हा पठ्ठ्या देखाव्यासाठी डबे विकत घेतच होता. शुक्रवारी लेस्टरला कोपऱ्यात रिकामा डबा दिसला पाहिजे ना! पाक फेकवेना म्हणून तो माझ्याकडे यायचा. त्या वर्षी मी गुळाऐवजी तो पाक घालून शेंगदाण्याची चिक्की केली, शाळेत वाटली, आणि मुख्याध्यापिकेची दाढेतली कॅप निघून आली. क्लॅरीला हे कळल्यावर तो शेडमध्ये एकटाच खो खो हसला.

उकळत्या काढ्याचा वास मात्र लपेना. समुद्राकडून वारा सुटला की अख्ख्या गल्लीला भाजक्या बिस्किटांचा वास. कुणी विचारलं की क्लॅरी सांगायचा, ऊना पुडिंग करतेय. ऊनाच्या हातचं पुडिंग ज्यांनी खाल्लंय त्यांचा विश्वास बसणं कठीणच, पण पोस्टातल्या बाईनं पाककृती मागितली तेव्हा ऊना भडकली. "तुझी थेरं तू निस्तर," ती क्लॅरीला म्हणाली. "आणि जत्रेला काय करणारेस ते आधी सांग."

जत्रा म्हणजे आमची ऑक्टोबरमधली. मेंढ्या, ट्रॅक्टर, स्पंज केक, लोणची आणि घरच्या बिअरची स्पर्धा. बिअरचे दोन गट: एक डब्याचा, एक धान्याचा. डब्याच्या गटात क्लॅरी आणि लेस्टर दोघंही दरसाल उतरायचे. पहिल्या बक्षिसाची निळी फीत यांच्यातच इकडून तिकडे फिरायची. क्लॅरीनं नाव दिलं नाही तर लेस्टर विचारणार. धान्याच्या गटात दिलं तर संपलंच.

"मग एकदा डब्याची कर आणि ठेव," ऊना म्हणाली. सरळ गोष्ट होती.

"मी? पुन्हा ती साखर ओतू?" क्लॅरी असा काही दुखावला की जणू तिनं त्याला रस्त्यावर भीक मागायला सांगितलं. आणि बेट्यानं खुशाल धान्याची बाटली डब्याच्या गटात नेऊन ठेवली. वर मला डोळा मारून म्हणाला, "कुणाला काय कळतंय? फक्त जिंकेन, बाकी काही नाही."

निकालाच्या वेळी हॉलमध्ये मी होतेच, माझ्या लिंबाच्या लोणच्याला नेहमीप्रमाणे दुसरं बक्षीस मिळालं होतं म्हणून धुमसत. परीक्षक कोरल नॅनकिव्हेल, शेजारच्या गावची. बाटल्यांवर नुसते नंबर. ती एकेक उचलून सगळ्यांसमोर मत सांगते, आणि तिची जीभ कुणाची भीड धरत नाही.

"चार नंबर," तिनं सुरुवात केली. "हात चांगला आहे, कष्ट दिसतात. पण डब्याचा वास सरळ नाकात जातो. ज्यानं ही केलीय त्याला प्रेमानं सांगते, बाबा रे, आता डबा सोड. धान्याची करून बघ. हिला तिसरं."

क्लॅरीचे कान लाल झाले. मी आणि ऊनानं एकमेकींकडे पाहायचंच टाळलं; पाहिलं असतं तर तिथंच हसू फुटलं असतं.

"आणि सात नंबर. काय सुरेख! स्वच्छ, हलकी. ही डब्याची आहे यावर विश्वास बसत नाही. पहिली."

लेस्टर हात वर करून पुढे आला. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत क्लॅरी ओरडला, "डब्याची नाहीच ती!"

सगळ्या माना क्लॅरीकडे वळल्या. गावच्या जत्रेत कुणी कुणावर लबाडीचा आरोप केला की तो नातवंडांपर्यंत पुरतो. लेस्टर हळूच वळला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"काय म्हणालास, क्लॅरी? मी? मी लबाडी केली?"

मला क्लॅरीचा चेहरा दिसत होता. नुसतं गप्प बसला असता तर त्याचं गुपित सुरक्षित होतं, आणि लेस्टरच्या नावाला डाग लागला असता. तो घसा खाकरत उभा राहिला. "तुझी नव्हे रे," तो म्हणाला. "माझी. चार नंबर. ती धान्याची आहे. ईस्टरपासून मी धान्याचीच करतोय."

कुणीतरी मागे "अगं बाई" म्हणालं. बहुतेक मीच.

कोरल मात्र बाटली पुन्हा नाकाशी धरून उभी. "शक्यच नाही. यीस्ट कुठलं घातलंस?"

"कुठलं म्हणजे? डब्याच्या झाकणाखालचं. डबे घेतच होतो, पुड्या कशाला वाया घालवायच्या?"

"आणि पिंप कुठं ठेवलंस?"

"शेडमध्ये. नेहमीच्या जागी."

"पत्र्याच्या? या उन्हात?" कोरलनं कपाळाला हात लावला. "अरे देवा! मग हा वास डब्याचा नव्हेच. हा तुझ्या शेडचा वास आहे! लेस्टर, तू कुठं ठेवतोस?"

"तळघरात," लेस्टर म्हणाला. "आजोबांनी खणलेलं. थंडगार असतं."

"बघा! याचा नुसता डबा, पण गारव्यात आंबलेला."

तिनं चार नंबरवरची तिसऱ्या बक्षिसाची चिठ्ठी काढून घेतली, चुकीच्या गटात म्हणून. पण कुणाचं लक्ष तिकडे नव्हतं. सगळे लेस्टरकडे बघत होते. क्लॅरीही बघत होता, आणि मी शप्पथ सांगते, त्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा हात ऊनाचा हात शोधत होता.

लेस्टर त्याच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला.

"म्हणजे," तो एकेक शब्द तोलून म्हणाला, "तू धान्याची केलीस. चोरून. माझ्या पाठीमागे."

"हो."

"दळलंस, मुरवलंस, उकळलंस."

"हो रे."

"आणि माझ्या डब्याकडून हरलास?"

क्लॅरीनं मान डोलावली. मला वाटलं, लेस्टर आता रडतो की हाणतो. आणि तो हसायला लागला. असा हसला, असा हसला, की बक्षिसाच्या लाल भोपळ्यांच्या टेबलाचा आधार घेऊन खाली बसला, तरी थांबेना. डोळे पुसायचा, क्लॅरीकडे बघायचा, पुन्हा सुरू. "तिसरा!" एवढंच त्याच्या तोंडून फुटायचं. "धान्य घालून तिसरा!"

"बस झालं आता," क्लॅरी म्हणाला. पण त्याचे खांदे सैल पडले होते आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी लेस्टरनं हात पुढे केला, क्लॅरीनं त्याला ओढून उभं केलं. लेस्टरनं पँट झटकली, निळी फीत खिशात कोंबली आणि दाराकडे निघाला. दारात थांबून वळला.

"शुक्रवारी ते पिंप घेऊन ये माझ्याकडे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय, गाढवा? तळघरात ठेवायला. चांगलं धान्य नासवतोयस."