सायडिंगला न ठेवलेला कोंबडा

एक कोंबडा मी चुकीच्या जागी सोडला आणि त्याबद्दल दोन वर्षं गप्प बसलो, हे आधीच कबूल करून टाकतो. कारण ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याने उभ्या आयुष्यात स्वतःची एकही चूक दुसऱ्याच्या नावावर टाकलेली नाही. उलट दुसऱ्यांच्या चुका मात्र त्याने हौसेने अंगावर घेतल्या. हे गृहस्थ म्हणजे माझे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. ते रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. गाडी उशिरा आली की फलाटावरच्या उतारूंची हात जोडून माफी मागायचे. आणि गाडी सुरतेलाच अडकलेली असायची. त्यांच्या लग्नात आमच्या आचाऱ्याने भात करपवला, तर मुंडावळ्या बांधलेला हा नवरदेव पंगतीत फिरून सांगत होता, "आमची मंडळी उशिरा आली हो, म्हणून भात लागला. चूक माझी." माझे वडील तेव्हा आईला म्हणाले, "पोरगी सुखात राहील. जावयाचं मात्र काही सांगता येत नाही."

नोकरी संपल्यावर भावोजींनी डहाणूजवळ कैनाडला, त्यांच्या वडिलांच्या तुकडाभर जमिनीवर गावठी कोंबड्या पाळायला घेतल्या. नोकरी संपली होती, रेल्वे संपली नव्हती. पहाटे पाच वाजता ते खुराड्यापुढे उभे राहणार, घड्याळ बघणार, हिरवं फडकं हलवणार आणि मगच दार उघडणार. संध्याकाळी सगळ्या आत गेल्या की लाल फडकं. कोंबड्यांना निशाण समजतं, असं त्यांचं ठाम मत. ताईचं मत वेगळं. "कोंबड्यांना दार समजतं. फडकं फक्त यांना समजतं," ती भाकरी थापता थापता सांगायची. कोंबडा आरवला की भावोजी अंथरुणातूनच बोलणार, "आज सात मिनिटं लेट." कोंबड्यांचं कौतुक मराठीत चालायचं आणि रागवणं गुजरातीत. एखादी कोंबडी संध्याकाळी झाडावर बसून राहिली की खाली उभे राहून "चाल हवे, घेर चाल", म्हणजे चल आता, घरी चल, असं अर्धा अर्धा तास विनवायचे. त्याला ते रागवणं म्हणायचे.

घरची कोंबडी त्यांनी कधी खाल्ली नाही. कोंबडा द्यायचा तर आधी घेणाऱ्याची चौकशी. "कशाला पाहिजे?" सगळी पंचक्रोशी एकच उत्तर शिकली होती, "पाळायला, काका." भावोजी ते खरं मानत. इतकं खरं, की पंधरा दिवसांनी सायकल काढून कोंबड्याची खुशाली विचारायला जात. एकदा एका घरी असे पोचले, तेव्हा रश्श्याचा वास अंगणात आलेला. घरवाल्याला घाम फुटला. "तो आत्ताच चरायला गेला हो, काका." "जाऊ दे, येईपर्यंत बसतो," म्हणून भावोजी ओट्यावर बसले ते ऊन कलेपर्यंत. शेवटी त्या घरच्या बाईने शेजाऱ्याचा कोंबडा कुंपणापलीकडून लांबूनच दाखवला. भावोजी घरी येऊन ताईला म्हणाले, "जरा रोडावलाय. पण ओळखलं बघ त्यानं मला."

एवढा भोळा माणूस दोन गोष्टींत मात्र दगडासारखा कडक होता. पहिली म्हणजे सायडिंग. बाहेरून आणलेला कुठलाही पक्षी थेट अंगणात सोडायचा नाही. जमिनीच्या पार टोकाला एक चिकूचं झाड आहे, त्याच्याखाली त्याला डालग्यात झाकून एकवीस दिवस वेगळा ठेवायचा. त्याचं दाणापाणी वेगळं, आणि तिकडे जाऊन आलं की हातपाय धुवायचे. "नवीन डबा तपासल्याशिवाय गाडीला जोडतात का?" हा त्यांचा सवाल. दुसरी गोष्ट मानमोडीची लस. या रोगात कोंबडी मान पिरगाळून मरते आणि एक गेली की मागोमाग सगळी खुराडी रिकामी होतात. भावोजी डहाणूच्या दवाखान्यातून लस आणायचे, धाकटी डहाणूच्या एका मासेवालीकडून थर्मासभर बर्फ घ्यायचे आणि सायकल हाणत कैनाडला यायचे. त्या थर्मासला कायमचा बोंबलांचा वास होता. आधी घरच्या कोंबड्यांना सुई, मग पंधरा दिवसांनी शेजारच्या पाड्यावर. "काही बिघडलं तर माझ्या आधी बिघडू देत," म्हणायचे. पाड्यावरच्या लोकांना सुईची भीती होती. चार वर्षं दारोदार फिरून त्यांनी ती घालवली. ज्या आजीने पहिल्यांदा त्यांच्यामागे केरसुणी घेऊन धाव घेतली होती, तीच पुढे कोंबड्या धरून त्यांची वाट बघत बसायला लागली. नोकरीत मिळाला नाही तेवढा मान त्यांना त्या पाड्यावर मिळाला.

दोन वर्षांपूर्वी नवसारीला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. मी डहाणूतच, मसोलीला राहतो, सरकारी कचेरीत कारकून आहे. ताईने फोनवर हुकूम सोडला, "रजा टाक. कोंबड्या सांभाळायच्यात." निघायच्या तीन दिवस आधी भावोजींनी घरच्या सगळ्या कोंबड्यांना सुई टोचली होती. तिचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात, तोवर जपायचं, एवढं त्यांनी मला दहादा बजावलं. फडकी माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरून आले होते.

कोंबड्या पाळणं हे मला अंगणात दाणे फेकण्याइतकं सोपं वाटायचं. पहिल्याच दिवशी माझी कंबर धरली. पहाटे दार उघडा, विष्ठा खरवडा, राख पसरा, भांडी घासा, पाणी भरा. पिल्लांवर घार, खुराड्याखाली मुंगूस. दुपारी जरा डोळा लागतो तो एखादी अंडं घातल्याची बातमी गावभर सांगत सुटते. दुसऱ्या दिवशी तलासरीचा आठवडा बाजार होता. भावोजींचा जुना कोंबडा म्हातारा झाला होता आणि त्यांना तांबडा, उंच, गुलाबी तुऱ्याचा कोंबडा हवा होता, हे मला ठाऊक होतं. "मेहुणे, तुम्हाला फायलीतलं कळतं, कोंबडीतलं नाही," असं ते नेहमी म्हणायचे, तेही डोक्यात होतं. दोन तास कोंबड्या पाड्यावरच्या एका बाईच्या नजरेखाली ठेवून मी तलासरी गाठली आणि अगदी तसाच कोंबडा आणला. तो डोळे मिटून बसत होता. विकणारा म्हणाला, "गाडीत बसून दमलाय, साहेब." मीही दमलो होतो. मला ते पटलं.

त्या दिवशी मी त्याला चिकूखाली डालग्यात ठेवला. दिवसातून तीन वेळा तिथवर पाणी न्यायचं, परत येऊन हातपाय धुवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला अंगणात सोडून दिला. त्याची दया आली, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. खरं तर मला कंटाळा आला होता. संध्याकाळी तो हिरवं हगला, रात्रभर घरघरत राहिला, सकाळी मरून पडला. मी त्याला जमिनीच्या टोकाला खड्डा करून पुरला, वरून पालापाचोळा सारला. लग्नाहून परत आलेल्या भावोजींनी विचारलं, "काय मेहुणे, सगळं लाइन क्लिअर?" मी म्हणालो, "क्लिअर."

दोन दिवसांनी पहिली कोंबडी मान वाकडी करून बसली. आठवड्यात खुराडं रिकामं झालं. मी धावत गेलो, तेव्हा भावोजी उंबऱ्यावर बसले होते. त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "मेहुणे, चूक माझीच. लस आणताना तुमच्याकडे चहाला थांबलो ना मी? तेवढ्या वेळात बर्फ वितळला असणार. लस फुकट गेली." आणि मी, बुडत्याला फळी मिळावी तसा, त्या चहाला लटकलो. एवढंच म्हणालो, "असेल हो, ऊन फार होतं."

त्या दिवसापासून भावोजींनी चहा सोडला. माणूस दिवसातून सहा वेळा चहा पिणारा. आमच्याकडे आले की बायको आग्रह करायची आणि ते हात जोडायचे, "नको वहिनी, त्या एका कपानं घात केला." बायको बिचारी आत जाऊन रडायची, की आपणच त्यांना बळेबळे थांबवलं. मी वर्तमानपत्र वाचायचो. त्यांनी पुन्हा चार-पाच कोंबड्या आणल्या, पण फडकी खुंटीला तशीच राहिली. आणि लोकांनी लस घेणं बंद केलं. पाड्यावर आता आजीच म्हणत होती, "याच्या सुईनं याच्याच कोंबड्या गेल्या. माझ्या कशाला देऊ?" त्यावर भावोजी वाद घालत नसत. मान खाली घालून म्हणत, "खरं आहे तिचं. माझ्या हाताचा भरवसा नाही."

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. शेजारच्या गावात मानमोडी आली होती. "अरे, हे सकाळी लस घेऊन आलेत. थर्मास मांडीवर घेऊन अंगणात बसलेत. पाड्यावर जा म्हटलं तर उठत नाहीत. म्हणतात, मला कोण दारात उभं करणार? तू तरी समजाव. तिकडच्या बायांच्या सगळ्या कोंबड्या जातील रे." फोन ठेवला आणि कचेरीत कोणाला न सांगता मी निघालो.

भावोजी खरंच तसे बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तलासरीचा बाजार, तांबडा कोंबडा, चिकूचं झाड, खड्डा. ताई दारात येऊन ऐकत होती. भावोजींनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग विचारलं, "खड्डा किती खोल केला होता?"

"गुडघ्याएवढा."

"चुना टाकला?"

"नाही."

"टाकायला हवा होता," ते म्हणाले. ताईने मात्र काही शिल्लक ठेवलं नाही. "तुझ्या बायकोला दोन वर्षं रडवलंस, यांचा चहा तोडलास, आणि पेपर वाचत बसलास? मेल्या, कचेरीत शिकलास का हे?" तिचा आवाज फुटला तशी ती आत गेली.

मी भावोजींची माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "मला नंतर. बर्फ आहे तोवर पाड्यावर चला."

आजी अंगणात होती. आम्हाला बघून तिने एक कोंबडी उचलून काखेत दाबली. भावोजी माझ्या मागे उभे राहिले, जणू गुन्हेगार तेच होते. कचेरीत लोक माझ्यापुढे अर्ज घेऊन उभे राहतात. इथे मी आजीपुढे उभा होतो आणि माझ्या हातात कागदसुद्धा नव्हता.

"आजी, यांच्या कोंबड्या सुईनं नाही गेल्या. मी बाजारातून आजारी कोंबडा आणून यांच्या कोंबड्यांत सोडला. लपवून ठेवलं. सुई चांगली आहे. हेही चांगले आहेत. चूक माझी, मला माफ करा."

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब माणूस ना तू?" ती म्हणाली. "मग एवढं सांगायला दोन वरसं लागली?" शेजारच्या झोपड्यांतून दोन-तीन बाया बाहेर आल्या होत्या. त्या हसल्या. मला ते बरोबर वाटलं. आजी भावोजींकडे वळली. "एकच देते आधी. ही. जगली तर बाकीच्या."

भावोजी पुढे झाले, उकिडवे बसले, थर्मास उघडला. मी त्यांच्या शेजारी बसून कोंबडी दोन्ही हातांनी धरली. दोन वर्षांत मनातल्या मनात मी माफीची किती मोठी मोठी भाषणं तयार केली होती. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"भावोजी," मी म्हणालो, "चुकलो."

ते पंख उलगडून सुईची जागा शोधत होते. ऐकलं की नाही, कोण जाणे. म्हणून मी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणालो.