ललितभाऊंनी घालवलेली घरघर

त्या महिन्यात ज्योत्स्ना गावितला कुणी विचारलं असतं, की बाई गं, तुला काय पाहिजे, तर तिनं साडी नको, सोनं नको, फक्त झोप मागितली असती. गंगापूर रोडच्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स. राहायला पार नाशिकरोडला. नवरा यादव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टवर. एक घरात शिरला की दुसरा बाहेर, आणि दारातच किल्ली आणि म्हाताऱ्याच्या गोळ्या एकमेकांच्या हातात ठेवायच्या, असला संसार. भांडायलासुद्धा दोघं एका वेळी घरात हवीत ना!

म्हातारा म्हणजे तिचा बाप, पुंजा भोये. पेठच्या पुढं डोंगरात त्याचा पाडा. लकव्यानं त्याचं उजवं अंग नेलं आणि वाचाही नेली. आता वाचा कुणाची जावी? पुंजा त्या पाड्यावरचा थाळकरी. काशाची थाळी मांडीवर घ्यायची, तिच्या मधोमध मेणानं एक काडी उभी चिकटवायची, बोटं पाण्यात बुडवायची आणि ती काडी वरून खाली ओढत राहायची. आधी एक हात, तो खाली पोचेपर्यंत दुसरा वर. थाळी न तुटता घूंऽऽ करत राहते, आणि त्या घुमण्यावर कथा गायची. पाड्यावर माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा दिवस घालायचा आणि पुंजानं थाळ धरायचा. कथा पुरी झाली की गेलेलं माणूस वाटेला लागलं, असं सगळे मानायचे. गावभराची माणसं अशी त्यानं वाटेला लावली, आणि स्वतःची बायको कुसाबाई गेली तेव्हा तिचा दिवस यायच्या आधी हा असा मुका होऊन बसला.

पाड्यावरून चुलता, सहादूकाका, सारखा फोन करायचा. "ज्योत्स्ने, वरीस भरत आलं. माझ्या वैनीचा दिवस काय असाच सुका घालायचा? दुसरा थाळकरी नाय आता कुणी. त्याची ती क्यासेट हाय ना तुझ्याकडं? ती तरी आण."

कॅसेट होती. घरात टेपरेकॉर्डर नवा आला तेव्हा कुसाबाईनंच हौसेनं बटण दाबून भरून घेतलेली, दोन्ही बाजू, अख्खी कथा. पुंजाचा आवाज जगात उरला होता तो तेवढ्या एका फितीवर. आणि ती फीत आता कांद्याच्या सालीसारखी झालेली. दोनदा मशीनमध्ये गुंडाळली, दोनदा ज्योत्स्नानं पेन्सिल घालून सरळ केली. पाड्यावर नेऊन लावायची म्हणजे भर दिवसात तुटायची. मोबाइल जवळ धरून भरून पाहिली, तर त्यात शेजारच्यांचा मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या. म्हणून मग मुलगी सायली पुण्याला शिकायला जाताना मागं ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरवर ती घ्यायचं ठरलं. त्याचा आवाज कधीच बंद पडलेला. ज्योत्स्नानं ललितभाऊंना बोलावलं.

ललितभाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, पण आता सगळा धंदा मोबाइलच्या काचा बसवण्यावर. "साउंड कार्ड? ताई, हल्ली कोण बसवतं हो साउंड कार्ड?" असं म्हणत त्यांनी कुठूनसं नवं कार्ड पैदा केलं, डबा उघडून बसवलं, टेपरेकॉर्डरची वायर जोडली आणि बटण दाबलं. स्पीकरमधून जे काही बाहेर आलं ते ऐकून पलंगावरच्या पुंजानं डोळे गच्च मिटले. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज. नवं कोरं कार्ड आणि ही तऱ्हा!

बऱ्याच वेळानं कळलं की वायर माइकच्या भोकात होती. ती शेजारच्या निळ्या भोकात घातली, तेव्हा खरखर गेली, पण आवाज अडखळायला लागला. दुसऱ्या खेपेला ललितभाऊंनी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. अडखळणं थांबलं, तर मागून जाडसर घरघर. तिसऱ्या खेपेला त्यांनी भिंतीतला बोर्ड उघडला. आत अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, नुसती मोकळी लोंबत होती. ती जोडली आणि घरघर बरीच उतरली. बरीच, पण सगळी नाही. आणि दर खेपेला तपासायचं म्हणजे कॅसेट लावायची. फीत कुईकुई करत फिरायची आणि ज्योत्स्नाचा जीव वरखाली व्हायचा.

"ललितभाऊ, झिजतेय हो ती. दुसरी नाहीये माझ्याकडं."

"मग ऐकल्याशिवाय मला कळणार कसं, ताई?" ते म्हणायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं. सभ्य माणूस होता बिचारा. सांगितलेल्या दिवशी यायचा, वर चहाही नको म्हणायचा.

शेवटी त्यांनी कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून कुठंतरी एक खूण केली. मागचा नको असलेला आवाज ते काढून टाकतं म्हणे आपोआप. आणि काय सांगायचं! उरलीसुरली घरघर साफ गेली. पुंजाचा आवाज असा स्वच्छ आला, की प्रत्येक शब्द वेचून घ्यावा. ललितभाऊंनी दोन्ही बाजू भरून घेतल्या, पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघा, एकदम स्टुडिओ!" ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरघरीला ती इतकी कंटाळली होती, की ती गेली एवढ्यानंच तिला सगळं भरून पावलं. आणखी काय काय गेलं, ते बघायला अंगात त्राण हवं ना.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी करून ती आली. सिटीबसमध्ये उभं राहून पायांचे गोळे झालेले. तरी चप्पल काढल्या काढल्या तिनं कॉम्प्युटर लावला. म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल, दुसरं काय.

पुंजानं ऐकलं. आधी त्याचा चेहरा उजळला. मग हळूहळू उतरत गेला. मग त्याचं सुरू झालं, अं, अं, अं. डाव्या हातानं पलंगाजवळची जेवणाची स्टीलची थाळी त्यानं ओढली आणि तिच्यावर टकटक करायला लागला.

"भूक लागली होय? थांबा, वाढते." तिनं त्याच थाळीत भात-वरण कालवून आणलं. त्यानं थाळी ढकलली. तिनं पुन्हा पुढं केली, तर त्यानं ती अशी काही उलटवली, की भात सगळा फरशीवर. आणि हा पुन्हा आपला त्या रिकाम्या थाळीवर टकटक.

तेव्हा मात्र ज्योत्स्नाचा तोल सुटला. "बा, काय पाहिजे तुम्हाला? काय पाहिजे? दिवसभर लोकांचं करून यायचं, घरी येऊन तुमचं करायचं! तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं? मी माणूस नाही का?" शेजारच्यांच्या घरातला टीव्हीसुद्धा बारीक झाला. ती खाली बसली, भात गोळा करायला लागली आणि रडायला लागली. रडणंही कसं, तर आवाज न करता, कारण त्यालाही ताकद लागते.

डोळे पुसून वर पाहिलं, तर पुंजानं थाळी मांडीवर पालथी ठेवलेली. वर हवेतच डाव्या हाताची बोटं त्यानं चिमटीसारखी धरली होती आणि वरून खाली ओढत होता. वरून खाली, पुन्हा वरून खाली. डोळे तिच्यावर लावलेले.

ज्योत्स्नानं कपाळावर हात मारला. "अगं आई गं! थाळ!"

तिनं पुन्हा लावून ऐकलं. थाळ नव्हताच. त्या खुणेनं भिंतीतली घरघर नेली आणि तिच्याबरोबर थाळही नेला, कारण एकसारखं घुमणारं काही असलं की मशीनच्या लेखी तो कचरा. बापाचा आवाज उघडावाघडा वाटत होता, चारचौघांत धोतर फेडून उभा केल्यासारखा. आणि आपण काल त्यालाच भुललो, याची तिला शरम वाटली.

तिनं लगेच ललितभाऊंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मला ती मशीनचीच घरघर वाटली हो. तुमची ती भाषा मला कळत नाही, गाणं कुठलं आणि काय, मी आपला घालवत सुटलो." स्वतःहून दुकान बंद करून आले. खूण काढली, कॅसेट लावली. घूंऽऽ सुरू झालं तसा पुंजा उशीवर मागं टेकला. पहिली बाजू अख्खी भरली. दुसरी लावली. निम्म्यावर कथा आली असेल नसेल, टेपरेकॉर्डरनं एक आचका दिला आणि फीत आत ओढून घेतली. ललितभाऊंनी झाकण उघडलं तोवर तिचा चोळामोळा होऊन तुकडे पडलेले. चिकटवायला गेले, तर आणखी तुटली.

"ताई, सॉरी. खरंच सॉरी."

तिला राग यायला हवा होता, पण तोही थकला होता. "राहू द्या. निम्मी तरी आली," ती म्हणाली. "आज तरी चहा घ्या."

ललितभाऊंनी जमवाजमव करून दिली: पहिला भाग थाळासकट, आणि पुढं ज्याची फीत गेली तो आधी भरलेला नुसता आवाज.

कुसाबाईच्या दिवसाला ती पुंजाला गाडीत घालून पाड्यावर गेली. ऊन उतरायच्या आत अंगणात माणसं जमली. सहादूकाकानं थाळकऱ्याचा मान म्हणून थाळी पुंजाच्या मांडीवर ठेवली, मेणानं काडी उभी केली, शेजारी पाण्याची वाटी. स्पीकर लागला. थाळ घुमला, पुंजाचा तरणा आवाज अंगणभर झाला आणि म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग एकाएकी थाळ थांबला. नुसता आवाज उरला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सहादूकाका पुटपुटला, "आता वैनी अर्ध्या वाटंत राहिली की काय!"

पुंजानं डावा हात वाटीत बुडवला आणि काडी ओढली. घूंऽ... आणि तुटलं. हात खाली पोचला की दुसऱ्यानं वरून धरायचं, आणि दुसरा हात तर मांडीशेजारी पडलेला, ओल्या फडक्यासारखा. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा तुटलं. ज्योत्स्नाला बघवेना. लहानपणी तिनं एकदा या काडीला नुसतं बोट लावलं होतं, तर बापाच्या याच पडलेल्या हाताची चापट खाल्ली होती. बायांनी थाळाला हात लावायचा नाही.

पुंजानं तिचं मनगट धरलं. ओढून शेजारी बसवलं, तिचा उजवा हात वाटीत बुडवला आणि काडीच्या टोकावर नेऊन ठेवला.

"अरं पुंजा, पोर बाई हाय ती," सहादूकाका म्हणाला.

पुंजानं ऐकलं नाही. त्याचा हात खाली गेला. ज्योत्स्नानं काडी ओढली, नुसतं चर्र झालं. दुसऱ्यांदा बोटं निसटली. तिसऱ्या वेळी थाळी अंग चोरत घुमली. बापाचा हात खाली, तिचा वर. तिचा खाली, बापाचा वर. घुमणं जुळलं, आणि स्पीकरमधला आवाज त्याच्यावर टेकून नीट पुढं चालायला लागला.

तिची बोटं सोलली, खांदा भरून आला. कथा पुरी होईपर्यंत तिनं हात काढला नाही. पुंजाचे ओठ स्पीकरच्या आवाजाबरोबर हलत होते. त्यानं तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. गाताना तो कधीच कुणाकडं पाहत नसे.