ओळीच्या डावीकडची जागा

"आधी स्वतःच्या मराठीचा सिंटॅक्स सुधार. मग आमच्या भाषेबद्दल बोल."

सर हे बोलले तेव्हा नागपूरच्या मिहान आयटी पार्कमधल्या ऑफिसात टेबलाभोवती आम्ही नऊ जण होतो. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचे, बंगलोरचे, आणखी कुठले कुठले. सगळे हसले. ज्यांले मराठी येत नव्हती तेही हसले, कारण बाकीचे हसून राहिले होते. मी फक्त "मले वाटते" एवढंच म्हटलं होतं. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

आणि मीही हसली. हे सांगायची लाज वाटते, पण हसली.

मीटिंग होती एका फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेची. फंक्शनले फंक्शन जोडत जायचं, गणितासारखं. जो तो ती आपल्या तऱ्हेनं लिहीत होता, म्हणून एक समिती नेमून नियमांचं एकच पुस्तक बनवणं चालू होतं. सर त्या समितीत. मी त्यांच्या हाताखाली, मसुदे लिहिणारी. त्या दिवशीचा बदल असा: कोडचा तुकडा इथं संपला, हे सांगणारा शेवटचा शब्द काढून टाकायचा. ओळीच्या डावीकडे किती जागा सोडली, त्यावरूनच मशीननं समजून घ्यायचं. दिसायले सुंदर. खरंच सुंदर.

पण मी ही भाषा बापाच्या फोनवर शिकली. कोराडीत. बाप तिथल्या वीज केंद्राच्या राखेच्या ट्रकवर ड्रायव्हर. तो घरी आला की फोन माझा. आता रविवारी तिथल्याच सात पोरी माझ्याजवळ शिकतात. कॉम्प्युटर एकीजवळही नाही. कोड मेसेजमधून पाठवतात, आणि जाता जाता ओळीच्या डावीकडची जागाच उडून जाते. शेवटचा शब्द असला तर कोड चालतो. नसला तर मरतो. नवी रीत मी त्यांले देऊन पाहिली होती. सातही जणी अडकल्या. एक रडली. तिले वाटलं, चूक तिचीच.

हे मी सांगणार होती.

मीटिंग झाल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज गोड. अहवाल लिहायचा होता, की नव्यानं शिकणाऱ्यांवर चाचणी घेतली, कोणालाच त्रास झाला नाही. खाली माझं नाव. मी म्हटलं, त्रास झाला सर. ते म्हणाले, "फोनवर शिकणाऱ्यांसाठी भाषा बनत नसते." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या ओरिजिनल मार्कशीट अजून कंपनीतच आहेत ना.

होत्या. डिग्रीसुद्धा. रुजू होतानाच ठेवून घेतल्या होत्या, दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्या कपाटातून निघाल्याशिवाय मले दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं. त्यांले ते माहीत होतं. मलेही.

घरी आली. आईनं विचारलं, "काहून चूप बसली वं?"

काय सांगू तिले? पोरगी मिहानमध्ये आहे, एवढंच ती चार घरी सांगते.

दोन दिवस अहवाल उघडून बसली. एकच वाक्य लिहायचं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शुद्ध इंग्रजी. व्याकरणाची एक चूक नाही. फक्त खोटं. चौथ्यांदा लिहिताना ती रडणारी पोरगी आठवली. कोणाची चूक ती आपल्या माथी घेऊन राहिली होती? आणि मी त्या दिवशी हसली, ते दुसरं काय होतं?

समितीची चर्चा इंटरनेटवर खुली असते. कोणीही वाचू शकतो, कोणीही लिहू शकतो. अहवाल तसाच सोडून तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत, सरांच्या केबिनसमोरच्याच माझ्या खुर्चीत बसून मी आक्षेप टाकला. सात पोरींचं काय झालं, जसंच्या तसं. खाली पूर्ण नाव. कोराडी, नागपूर.

तासाभरात बोलावणं आलं.

"मागे घे. आत्ता."

"नाही घेत सर. चूक असेल तर त्याच्याखाली तुम्ही लिहा. तुमच्या नावानं."



बदल मंजूर झाला. माझा आक्षेप अल्पमत म्हणून नोंदला गेला. मसुद्यांच्या कामावरून मले काढलं. डबा उघडला की शेजारची खुर्ची रिकामी होते. मार्कशीट कपाटातच आहेत, आठ महिने अजून बाकी, आणि रोज सकाळी मी तीच बस पकडून त्याच इमारतीत जाते.

पुढचा बदल आता चर्चेले आला आहे. पोरींनी तो फोनवर करून पाहिला. कुठं अडतं ते त्यांनीच लिहिलं, त्यांच्या शब्दांत. या वेळी आक्षेपाखाली आठ नावं जातील.

पहिलं माझं.