धुरपताबाईंची परात

नांदेडला विद्यापीठाच्या फाटकासमोर एक खाणावळ होती. धुरपताबाई सोनकांबळे तिथे भाकरी थापायच्या, सकाळी दीडशे आणि संध्याकाळी दीडशे. दोन हजार सोळाच्या एप्रिलात खाणावळीची बोअर आटली आणि मालकाने पाटीवर खडूने लिहिलं, 'पाणी येईपर्यंत बंद.'

गावोगावची पोरं एसटीने आपापल्या घरी गेली. मागे उरले परदेशातले सहाजण, येमेनचे पाच मुलगे आणि सुदानची मरियम. येमेनात लढाई चालू होती, मरियमजवळ परतीचं तिकीट नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातला थोरला, खालेद, पत्ता विचारत धुरपताबाईंच्या दारात आला. नांदेडात चार वर्षं राहून तो इथली दखनी बोलायला शिकला होता.

"अम्मा, बिस्कुट खाके पेट नै भरता."

"मंग या की जेवायला," धुरपताबाई म्हणाल्या. "पर येताना एकएक कॅन पाणी आणा. आमच्या नळाला आठ दिवस झाले पाणी न्हाई."

वसतिगृहात टँकर येत होता. संध्याकाळी सहाजण सहा कॅन घेऊन हजर झाले. धुरपताबाईंचे यजमान केरबा जिल्हा कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. त्यांना ऐकणारी माणसं हवीच होती.

"ब्याऐंशी साली उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला," ते सांगू लागले. "मी उस्मानाबादच्या कचेरीत होतो. फायलींची गठुडी ट्रकात टाकून नव्या कचेरीत आणली. आमचं रेणापूर जागच्या जागी, पर जिल्हा बदलला."

खालेद हसला. "हमारे यां नब्बे में दो मुल्क का एक हुआ. उसी साल मैं पैदा हुआ."

"आमी एकाचे दोन केले, तुमी दोनाचा एक. म्हंजी तुमी आमच्याहून म्होरं," केरबा म्हणाले.

चुलीपाशी मरियम भाकरी फिरताना बघत होती. "ये दुरा है ना?" तिने विचारलं. ज्वारीला तिच्याकडेही दुराच म्हणतात आणि येमेनातही, हे कळल्यावर केरबा बायकोला म्हणाले, "घे, धुरपता. तुझ्या नावाचं धान्य पिकतंय तिकडं."

जेवणं झाली आणि ताटं-वाट्या धुताना दीड कॅन पाणी गेलं. ते बघून दुसऱ्या दिवशी खालेदने ताटं मांडूच दिली नाहीत. त्याने परात मागितली, तीत भाकऱ्या कुस्करल्या, वरून तुरीचं वरण ओतलं. सगळे भोवती बसले. त्यांच्या गावाकडे असंच जेवतात.

"अम्मा, बैठो."

"तुमी जेवा. मी मागून बसते."

धुरपताबाई कायम मागूनच बसत आल्या होत्या. रेणापूरला लहानपणी आईबरोबर लोकांच्या शेतात खुरपायला जायच्या तेव्हा कालवण त्यांच्या भाकरीवर वरून पडायचं, वाढणारीचा हात लागू नये म्हणून. आता तसं उघड कोणी करत नव्हतं. पण खाणावळीत त्यांचं आडनाव कळल्यावर दोन पोरं दुसरीकडे जेवायला गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

खालेद हात न लावता बसून राहिला. बाकीचेही थांबले. वरण निवायला लागलं.

"बस की," केरबा म्हणाले. "उपाशी ठेवतीस का लेकरांना?"

त्या कडेला बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला. मरियमने आपल्या बाजूचा मऊ भाग त्यांच्यापुढे सरकवला. पाहुण्याला तसं द्यायची त्यांची रीत आहे म्हणे.

"अगं, घर माझं हाय. पाहुणी मी कशी?" असं म्हणत त्यांनी तो खाल्ला. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या आणि बऱ्याच बोलल्याही.

असे अडीच महिने गेले. पाऊस झाला, खाणावळ उघडली, मालकाचा निरोप आला. धुरपताबाईंनी नाही म्हणून कळवलं. त्यांनी घरच्याच ओसरीवर खाणावळ काढली. भोकरकडची चार पोरं आली, सुरुवातीला परात बघून हसली, मग बसली. एकाने मात्र वेगळं ताट मागितलं. धुरपताबाईंनी दिलं. तो दोन वर्षं त्याच ताटात जेवला, त्यांनी कधी विचारलं नाही.

खालेद आता मलेशियात शिकवतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. कुठूनसं ज्वारीचं पीठ मिळालं होतं, पण भाकरी तुटत होती.

"पीठ जुनं असंल, विरी गेली म्हंजी चिकटपणा गेला," धुरपताबाईंनी सांगितलं. "उकळतं पाणी घाल आन् चांगलं मळ. घाई करू नको."

फोन चालू ठेवूनच त्याने पीठ मळायला घेतलं.