टॅरंटुलाचं खाणं

लेक बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा तिची टॅरंटुला माझ्या गळ्यात टाकून गेली. टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढी केसाळ, परदेशी कोळ्याची जात. गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेली ही मादी लेकीनं पुण्यात शिकत असताना नखाएवढी होती तेव्हापासून वाढवलेली. बंगळूरचा घरमालक साधं मांजर ठेवू देत नव्हता, मग हिला कोण ठेवू देणार? काचेची पेटी माझ्या अमरावतीच्या घरात, टीव्हीशेजारच्या टेबलावर आली. मी सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. जन्मभर दुसऱ्यांचं खाणंपिणं, ताप आणि सलाईन बघितलं. आता तरी पाय पसरून बसू म्हटलं, तर हा आठ पायांचा पेशंट पदरात पडला.

नाही म्हणता आलं असतं. पण हे गेल्यापासून आम्हा मायलेकींचं बोलणं असं राहिलंच नव्हतं. मी तिच्या लग्नाचं काढायचे, ती दार लावून घ्यायची. ती घर विकून माझ्याकडे चल म्हणायची, मी भांडी आदळायचे. पुढे दोघींनीही ते विषय टाकून दिले, आणि मग बोलायला दुसरं काही सापडेना. उरली ती टॅरंटुला. दर रविवारी लेकीचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, “खाल्लं का तिनं?” मग वाटीतलं पाणी बदललं का, माती कोरडी नाही ना, कूलरची हवा अंगावर येत नाही ना, एवढं झालं की फोन बंद. मी जेवले का, हे ती विचारायची नाही आणि मीही आपणहून सांगायची नाही. पण फोन यायचा. जनावर गेलं तर रविवारही जाईल याची मला धास्ती होती, म्हणून मी ते जिवापाड जपलं.

जपायचं म्हणजे खाऊ घालायचं, आणि ती खाते जिवंत किडे. लेक बंगळूरहून कुरियरनं रातकिडे पाठवायची. आमच्या उन्हाळ्यात डबा उघडला की आत सगळे पाय वर करून पडलेले. घरातली झुरळं द्यावीत तर शेजारणीच्या घरी आठवड्याला औषध मारतात, तिथलंच झुरळ माझ्याकडे येतं. शेवटी दुकानं धुंडाळायला निघाले.

पहिल्या दुकानात मासे, लव्हबर्ड आणि कुत्र्यांचे पट्टे. जिवंत रातकिडे मागितल्यावर दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि माशांच्या खाण्याचं पाकीट पुढे केलं. हेच द्या, सगळे खातात, म्हणाला. दुसऱ्या दुकानात चक्क टॅरंटुला होती, पण माशांच्या गोल भांड्यात, खाली निळे-गुलाबी खडे, वर ट्यूबलाइटचा झगझगीत उजेड. गिऱ्हाईक आलं की दुकानदार काचेवर टिचकी मारून तिला हलवून दाखवायचा. तिचं पोट सुरकुतलेलं होतं. पाणी कमी पडलेला पेशंट मला दारातूनच ओळखू येतो. पाणी ठेवा हो तिला, म्हटलं, तर तो म्हणाला की ती वाळवंटातली आहे, तिला लागत नाही. वाद घालायचं त्राण नव्हतं. मी पर्समधल्या बाटलीतून झाकणभर पाणी काढून भांड्यात ठेवलं. तो चिडला नाही, उलट म्हणाला, तुम्हाला एवढा शौक असेल तर अकोल्याला जा, तिथं एक जण यांचं फार कौतुक करतो. अकोल्याला जायचं मी तेव्हा पुढे ढकललं. गुडघे दुखत होते.

तेवढ्यात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या आणि तेल्हाऱ्याहून भाऊ जेवायला आला. आमच्याकडे बहिणीच्या घरी कोणी रिकाम्या हातानं येत नाही. त्यानं शेतातली भेंडी आणली, गवार आणली, नैवेद्याला लागणारी सगळी पालेभाजी आणली, आणि शेवटी पिशवीतून झाकणाला भोकं पाडलेली बरणी काढली. आत हिरवे नाकतोडे. भाचीचं जनावर उपाशी आहे हे त्याच्या कानावर गेलं होतं. भाची म्हणजे त्याला देवाच्या ठिकाणी, तेव्हा तिच्या कोळ्याचाही मान ठेवायला हवा. पहाटे कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन त्यानं एकेक निवडून धरला होता.

“हे पाह्य, किती गरीब हायेत,” तो कौतुकानं म्हणाला. “पळतच नव्हते. असे उचलून घेतले.”

माझ्या मनात काही शंका आली नाही. त्याच्याही नाही, आणि तो तर जन्माचा शेतकरी. त्याच्या वावरात फवारणी झाली नव्हती, पण शेजारच्या वावरात आदल्याच दिवशी झाली होती. नाकतोड्याला धुरा, म्हणजे वावराचा बांध, कळत नाही. त्याला पळता येत नव्हतं ते विषानं, आणि भाऊ मात्र गरीब तेवढेच वेचून बरणीत भरत गेला. टॅरंटुलानं झडप घालून एक खाल्ला. कित्येक दिवसांनी तिला खाताना बघून आम्ही दोघं पेटीसमोर खुश होऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी तिचे पाय थरथरायला लागले. मग ते हळूहळू पोटाखाली मुडपले. मी तिच्या तोंडाशी पाणी धरलं, पेटी अंधारात ठेवली, त्यापुढे मला काही येत नव्हतं. संध्याकाळी ती गेली. मी तिला कुंडीत मोगऱ्याखाली पुरलं आणि भावाला फोन केला. पोरीला सांगू नको, मी वेळ बघून सांगते, असं त्याला बजावून ठेवलं.

वेळ काही मिळेना. रविवारी फोन आला, “खाल्लं का तिनं?” मी म्हटलं, परवा एक नाकतोडा खाल्ला. ते खोटं नव्हतं. पुढच्या रविवारी म्हटलं, आहे जागेवर. तेही खोटं नव्हतं. पण असं किती दिवस चालणार? शेवटी गुडघ्यांना पट्टे बांधून अकोल्याची बस धरली. मनात एकच होतं, तशीच दुसरी आणायची आणि पेटीत ठेवायची. खिडकीतून दोन्ही बाजूंना पाठीवर फवारणीचे पंप घेतलेली माणसं दिसत होती. मूर्तिजापूर गेलं तरी ती संपेनात.

अकोल्याचं दुकान कापड बाजारामागच्या गल्लीत होतं. दर्शनी भाग तसाच, मासे आणि पिंजरे. पण आतली खोली गार आणि अंधुक. फळ्यांवर पेट्या, प्रत्येकीत दमट माती, लपायला अर्धी करवंटी आणि बाटलीच्या झाकणात स्वच्छ पाणी. सगळ्यांची पोटं भरलेली, सगळ्या आपापल्या करवंटीत स्वस्थ. कोपऱ्यातल्या खोक्यांत अंड्यांचे ट्रे उभे केलेले आणि त्यांत रातकिड्यांची किरकिर चाललेली. दुकानदार खाली बसून त्यांच्यासाठी गाजर चिरत होता. आपल्या भागात गवताची काडीही फवारलेली असते, म्हणून सगळं खाणं मी घरातच वाढवतो, असं तो म्हणाला. तेव्हा मला रडू आलं. इतके दिवस शोधत होते ते सगळं इथं होतं, आणि मी उशिरा आले होते.

केशरी गुडघ्यांची एक माझ्यासमोर ठेवून त्यानं पहिलीचं काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, कशासाठी आले तेही. त्यानं चाकू बाजूला ठेवला.

“काकू, पायजे त न्या,” तो म्हणाला. “पण पोरीनं हातानं वाढवली असन त ते फोटोतबी वळखन. आंधी तिले सांगा.”

तिथंच स्टुलावर बसून मी फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून लेकीनं घाबरून लगेच उचलला. मी एका दमात सांगून टाकलं की तुझी टॅरंटुला गेली, महालक्ष्म्यांतच गेली. माझ्या मागे रातकिडे ओरडत होते.

“मामानं मले तवाच सांगतलं होतं, आई,” ती म्हणाली. “रडत होता तो.”

मला काही समजेना. “मंग दर रईवारी काऊन इचारत होती तू, खाल्लं का म्हणून?”

“मंग दुसरं काय इचारू तुले?”

दुकानदार पुन्हा गाजर चिरायला लागला होता. मी पदरानं डोळे पुसले आणि तिला सांगितलं की सकाळपासून मी काही खाल्लं नाही.