दाब-सोड

झाशी म्हटलं की तुम्ही घोड्याची वाट बघत बसणार. उठा. इथे ना घोडा, ना तलवार. बाबांची नवी गाडी आणि बिजौलीचा चिखल, बस.

गाडी मी शिकलो ती बाबांची नक्कल करून. ते ब्रेकआधी खाकरतात, म्हणून मीपण खाकरायचो. जुन्या गाडीत त्यांचा एकच धडा: घसरत्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरायचा नाही. दाब-सोड, दाब-सोड. नाहीतर चाकं जाम.

मग एबीएसवाली गाडी आली. शोरूमवाला म्हणाला, "भैयाजी, ये खुद दबाती-छोड़ती है. आप बस पूरा दबाए रखिए. पैडल काँपे तो डरना मत."

"तीस वर्षं चालवतोय," बाबा म्हणाले. "मशीन मला शिकवणार?"

मी बिजौलीच्या कारखान्यात नोकरीला, रोज टेम्पोत कोंबून जायचो. ठरलं असं की रविवारी बाबांना शेजारी बसवून बिजौलीहून नगऱ्याला घरी गाडी धड आणली, तर सोमवारपासून चावी माझी.

कारखान्यांच्या रस्त्यावर टँकरने धुळीवर पाणी मारलेलं. नुसता साबण. तेवढ्यात समोर म्हैस.

मी पूर्ण दाबला. पायाखाली घर्र-घर्र.

"बाबा, काहीतरी तुटलं!"

"अरे सोड! दाब-सोड!"

डोक्यात शोरूमवाला, कानात बाबा. मी खाकरलो आणि पायाने बाबांची नक्कल केली. म्हैस आरामात बाजूला झाली, गाडी रेतीच्या ढिगात.

"सरक. बघ ब्रेक कसा लावतात," म्हणून बाबांनी गाडी मागे घेतली, तिथूनच परत आणली, खाकरले, ब्रेक दाबला.

"अरे, हा लाथा मारतोय!" म्हणत पाय उचलला. ढीग तोच.

दाबून धरला असता तर थांबली असती का? कारखान्यातला एक म्हणतो, नक्की. दुसरा म्हणतो, असल्या सैल चिखलात एबीएसवाली उलट लांब जाते. मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी आईने बंपरवरचे दोन पोचे पाहिले. आमच्याकडे लाड मराठीत होतात, राग हिंदीत येतो.

"चाबी इधर लाओ. कल से दोनों टेम्पो से जाओगे!"

बाबा म्हणाले, "अगं, माझं ऐक तरी..."

"आप तो बोलिए ही मत." मग माझ्याकडे वळली. "और तू दाँत क्या दिखा रहा है? ये तो किसी से सीखते नहीं. तुझे तो दो-दो जनों ने सिखाया था, फिर भी ठोक आया, गधे!"