हात तोडल्याची गोष्ट मी परत घेतोय

मंडळी, जुन्नरच्या सायबर कॅफेत बसून हे लिहितोय.

गावाबाहेर शेतात उभा असलेला जुना दगडी घुमट मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना दाखवलाय. जेरुसलेम-दमास्कसच्या पहिल्या इस्लामी घुमटांपासून सुरुवात करायची आणि शेवटी हमखास सांगायचं, की असं काम पुन्हा होऊ नये म्हणून घुमट बांधून घेणाऱ्या सरदाराने कारागिराचे हात तोडले. लोक हळहळायचे. मला ते लई आवडायचं.

आजच्या पाहुण्यांमध्ये ओतूरचे एक म्हातारे पाथरवट होते. गोष्ट ऐकून ते भिंतीवरच्या कोरीव फुलांवर बोटं फिरवत घुमटाला फेरी मारून आले.

"भाऊ, हे डावखुऱ्या माणसाचं काम हाय. मागं नवशिक्यानं बिघडवलेली फुलं हायेत, ती बी ह्यानंच नीट केलीत. म्हंजी शेजारी बसवून शिकवलंय. काम पुढं जाऊ नये वाटणारा मालक कुणाला शिकू देईल व्हय? हात तोडल्याचं तुमी वाचलं कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मग मेलेल्या माणसाला कशाला बदनाम करता, राव?"

आणि मी उभा कुठे होतो? त्याच सरदाराच्या थडग्याला टेकून. दर वेळी तिथेच टेकतो.

खरं सांगा, माझी ती गोष्ट तुम्ही पुढे कुणाकुणाला सांगितलीत?